कतारगामचा रंग गेलेला घुमट

मुंबईच्या वाटेवर घारीसाठी सुरतेला उतरणारे बडोदेकर पुष्कळ. पण तेथून कतारगाम दरवाजाकडे वळणारे थोडेच. त्या बाजूला इंग्रज, वलंदेज आणि आर्मेनी अशी परक्यांची जुनी कबरस्ताने आहेत. वलंदेजांच्या आवारात दुहेरी घुमटाची, खाली-वर सज्जे असलेली एक प्रचंड इमारत उभी आहे. ती हेंड्रिक आद्रियान व्हान रेडे याची कबर. (आडनावाला मराठी कानाने हसू नये, माणूस मोठा होता.)

त्याचा जन्म १६३६ चा, आम्सटरडॅमचा. आईबाप लवकर गेले. विशीत तो वलंदेज ईस्ट इंडिया कंपनीत साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि १६६३ मध्ये पोर्तुगीजांकडून कोचीन घेणाऱ्या फौजेत लढला. पुढे १६७० पासून सात वर्षे मलबारचा सर्व कारभार त्याच्या हाती होता. व्यापार मिऱ्यांचा, पण याचे मन रानात. इट्टी अच्युतन हा तेथील वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण यांना हाताशी धरून त्याने मलबारच्या वनस्पतींचा शोध मांडला. ताजी फांदी आणायची, चित्रकाराने ती कोमेजण्याआधी काढायची, वैद्यांनी गुण सांगायचे, असा क्रम. त्यातून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ झाला. पहिला खंड १६७८ साली आम्सटरडॅमला निघाला, शेवटचा १६९३ साली, त्याच्या मृत्यूनंतर. सातशेहून अधिक वनस्पती त्यात आहेत. पुढे लिनियसनेही या चित्रांचा आधार घेतला.

१६८४ साली कंपनीने त्याला वेगळेच काम दिले: पूर्वेकडील वखारींतील लाचलुचपत आणि उधळपट्टी मोडून काढायची. केप, सिंहल, बंगाल, चोळमंडल, मलबार असे करीत तो सुरतेकडे निघाला. १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात, जहाजावरच त्याचा अंत झाला. देह सुरतेस आणून पुरला.

आता कबरीचे. शेजारच्या इंग्रज कबरस्तानात सर जॉर्ज ऑक्झेंडन निजलेला आहे. शिवाजीमहाराजांनी १६६४ साली सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार राखणारा तो हाच. त्याच्या कबरीवर मात करायची म्हणून वलंदेजांनी हा घुमट उठवला, असे सांगतात. आत भित्तिचित्रे, कुलचिन्हांच्या ढाली, बायबलातील वचने, खिडक्यांना लाकडी नक्षी. डागडुजीचे एकच बिल सहा हजार रुपयांचे कंपनीच्या खाती पडल्याची नोंद आहे. उधळपट्टी रोखायला आलेल्या माणसाच्या डोक्यावर हा खर्च!

आणि तो रंग राहिला का? १८७७ च्या सरकारी गॅझेटियरातच या चित्रांचे वर्णन भूतकाळात आहे. सुरतेसारख्या गावात भिंतीवरचा रंग फार दिवस राहत नाही, याला कारणे आहेत. ओल्या चुन्यावर दिलेला रंग चुना आवळताना त्यातच बांधला जातो. पण कोरड्या भिंतीवर सरसात किंवा डिंकात कालवून लावलेला वरच बसतो. पावसाळ्याची ओल विटांतून झिरपते, सोबत क्षार आणते. ऊन पडले की ते क्षार रंगाच्या मागे खड्यांसारखे फुलतात आणि पापुद्रा सुटतो. सरसाला बुरशी येते ती वेगळीच. गेरू-पिवडीसारखे मातीचे रंग टिकतात, वनस्पती-किड्यांपासून काढलेले उजेडाने उडतात. आपल्या देवघरातल्या उन्हासमोरच्या छापील तसबिरीत लक्ष्मीच्या गालांवरचा गुलाबी आधी जातो, हे आपण पाहतोच.

व्हान रेडेच्या मायदेशीही हाच अनुभव. त्या काळच्या वलंदेज फुलचित्रांत कितीतरी पाने आज निळसर दिसतात. पिवळा आणि निळा मिळून ती हिरवी केलेली. वनस्पतीपासून केलेला पिवळा उडाला, निळा मागे राहिला. आणि जेथे निळ्यासाठी कोबाल्टच्या काचेची पूड तेलात खलली होती, तेथे आकाशही करडे झाले. जवसाच्या तेलाचा पिवळेपणा साऱ्यांवर चढला. पानाचा हिरवा रंग टिकवणे त्या देशातल्या उत्तम हातांनाही साधले नाही.

हॉर्टसची चित्रे मात्र छापली गेली ती बिनरंगाची. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या आणि जाळून केलेल्या काळ्या कोळशाच्या शाईने चिंध्यांच्या कागदावर ठसा घ्यायचा. कोळशाला उजेड काही करीत नाही. फणसाच्या पानाची शीरन्‌शीर तेथे तशीच आहे. पहिल्या खंडात २० एप्रिल १६७५ या तारखेचे एक साक्षीपत्र आहे, कोकणी भाषेतले, देवनागरीत, तेही तांब्यावर कोरून छापलेले. त्याखाली रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांची नावे आजही काळीभोर वाचता येतात.