गाडी हलकी करणारा माणूस

वाळूजला माझे पत्राकामाचे छोटे वर्कशॉप आहे. पॅनेल, टाक्या, ब्रॅकेट, गार्ड असली नेहमीची कामे. गेल्या काही वर्षांत मात्र एक वेगळेच गिऱ्हाईक येऊ लागले आहे, ते म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजची मुले. ही मुले शर्यतीची छोटी गाडी स्वतः बांधतात आणि कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर स्पर्धेला नेतात. गेल्या उन्हाळ्यात अशीच चार मुले आणि एक मुलगी भर दुपारी येऊन उभी राहिली. तक्रारी तीन. गाडी पाच-सहा फेऱ्यांत उकळते, वजन कागदावरच्यापेक्षा जास्त भरले आणि सरळ रस्त्यावर ती वेग धरत नाही. उपायही त्यांनी ठरवूनच आणले होते. पुढचे तोंड मोठे कापायचे, रेडिएटर मोठा बसवायचा आणि दिसेल त्या पट्टीला ड्रिलने भोके पाडून वजन उतरवायचे. भोके पाडायच्या ढिगात ब्रेकच्या पेडलचा ब्रॅकेटही होता.

तो ब्रॅकेट मी उचलून बाजूला ठेवला, चहा सांगितला आणि कॉलिन चॅपमन हे नाव ऐकले आहे का, असे त्यांना विचारले. लोटस गाडी त्यांना ठाऊक होती, माणूस ठाऊक नव्हता. मग दुपार त्यातच गेली.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन याचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागात त्याचे वडील रेल्वे हॉटेल नावाचे मद्यगृह चालवीत. घर खाऊनपिऊन सुखी, पण शर्यतीच्या गाड्या उडवण्याइतके श्रीमंत नव्हे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये तो स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकला. पूल आणि इमारती कशाच्या आधारावर उभ्या राहतात, कोणता खांब भार घेतो आणि कोणता नुसताच उभा असतो, याचे हे शास्त्र. त्याच काळात विद्यापीठाच्या हवाई तुकडीत तो विमान चालवायला शिकला. पुढे त्याने जे जे केले त्याचे मूळ या दोन गोष्टींत आहे. मोटारीचे शिक्षण त्याने असे घेतलेच नाही.

कॉलेजात असतानाच मित्राबरोबर तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करी. महायुद्ध संपून दोन वर्षे झाली तरी इंग्लंडात पेट्रोल शिधापत्रकावरच मिळत होते. १९४७ च्या अखेरीस खासगी गाड्यांचा तो शिधाही सरकारने बंद केला. जुन्या गाड्यांचा भाव एका रात्रीत कोसळला, आणि जेमतेम खर्चाइतका माल विकून झाल्यावर चॅपमनकडे एक जुनी ऑस्टिन सेव्हन पडून राहिली. कुणी घेईना. प्रेयसी हेझेल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागे एक कुलूपबंद गॅरेज होते. तिथे त्याने ती गाडी उकलली.

ऑस्टिन सेव्हन म्हणजे इंग्लंडच्या मध्यमवर्गाची पहिली परवडणारी मोटार. ७४७ सीसीचे चिमुकले इंजिन, आणि ते गार ठेवायला पाण्याचा पंपसुद्धा नाही. आपल्या जुन्या तांब्याच्या बंबात जसे तापलेले पाणी आपोआप वर चढते आणि गार पाणी तळाशी जाते, तसेच तिचे पाणी इंजिन आणि रेडिएटर यांच्यात फिरे. या गाडीच्या हाडांवर चॅपमनने अॅल्युमिनियमचा पातळ थर चिकटवलेल्या प्लायवूडचे कवच चढवले. विमानात पत्र्याचे कातडेही भार घेते, हे त्याने पाहिले होते. तीच युक्ती त्याने या भंगार गाडीला लावली. १९४८ साली चिखलाच्या चढणीवरच्या शर्यतींत ही गाडी पळू लागली. नाव लोटस, मार्क वन. ब्रिटिश माणसाने गाडीला कमळाचे नाव का दिले, हे त्याने जन्मभर कुणाला सांगितले नाही. हेझेलला तो लाडाने त्या नावाने हाक मारी, असे म्हणतात. मला ते खरे वाटते.

मोटारींच्या शर्यती म्हणजे बड्या लोकांचे चोचले, असा आपल्याकडे समज आहे आणि तो बराचसा खराही आहे. पण त्या काळात इंग्लंडात ७५० मोटर क्लब नावाची हौशी लोकांची संस्था होती. ऑस्टिन सेव्हनच्या भागांवर घरी गाडी बांधायची आणि रविवारी पळवायची, असा तिचा सोपा नियम. नोकरदार, विद्यार्थी, फिटर असे लोक त्यात असत. १९५१ साली चॅपमन तिसरी गाडी घेऊन तिथे उतरला. ऑस्टिनच्या इंजिनाला सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोल आत जायला तोंडे दोनच. म्हणजे दोन-दोन भावंडांना एका ताटात जेवण, आणि एकाने दुसऱ्याचा घास पळवणे आलेच. चॅपमनने आत पातळ आडपडदा घालून प्रत्येकाचे ताट वेगळे केले. बाकीच्यांना त्याची गाडी दिसेनाशी होऊ लागली. पुढे क्लबाला नियम बदलून ही युक्ती बंद करावी लागली. नियमात जे लिहिलेले नाही ते वाचणे, ही त्याची सवय तेव्हापासूनची.

१९५२ साली लोटस इंजिनिअरिंग कंपनी स्थापन झाली ती हेझेलने दिलेल्या पंचवीस पौंडांच्या भांडवलावर, वडिलांच्या हॉटेलामागच्या तबेल्यात. चॅपमन दिवसा ब्रिटिश अॅल्युमिनियम कंपनीत नोकरी करी आणि रात्री गाड्या बांधी. १९५४ मध्ये दोघांचे लग्न झाले. गाड्या सुट्या भागांत विकल्या जात, कारण जोडलेल्या गाडीवर कर होता आणि सुट्या भागांवर नव्हता. गिऱ्हाइकाने घरी नेऊन स्वतः जोडायची.

याच सुमारास त्याला फ्रँक कॉस्टिन भेटला. हा द हॅविलंड विमान कंपनीतला वायुगतीचा जाणकार. इथे माझ्या विद्यार्थ्यांच्या दुखण्याचा संबंध येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला ताकद आठपट लागते. त्यामुळे लहान इंजिनाच्या माणसाला हवेशी भांडण परवडत नाही. आता रेडिएटरला हवा हवी म्हणून पुढे मोठे भोक पाडले, की ती हवा आत शिरून वाट मिळेल तिथे अडते, घुमते आणि गाडीलाच मागे ढकलते. बरीचशी रेडिएटरच्या कडेने निसटूनही जाते. म्हणजे वेगही गेला आणि पाणीही गार झाले नाही. विमानवाल्यांची रीत निराळी. तोंड लहान ठेवायचे, आत वाट हळूहळू रुंद करीत न्यायची म्हणजे हवेचा वेग मंदावून दाब वाढतो, चहूबाजूंनी फटी बंद करून ती सगळी हवा जाळीतूनच पाठवायची, आणि जिथे बाहेर दाब कमी असेल तिथे तिला दार उघडून द्यायचे. येण्याइतकेच जाण्याचे दार महत्त्वाचे, हे हौशी माणूस हमखास विसरतो.

आमच्या गावी तर हे अधिकच खरे. विलायतेत बाहेर २० अंश असताना रेडिएटरमधले पाणी ९५ अंशांवर असेल, तर दोहोंत ७५ अंशांचा फरक पडतो आणि त्या फरकावरच उष्णता बाहेर जाते. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश असतात. फरक उरतो ५३ चा. तोच रेडिएटर इथे तीसएक टक्के कमी काम करतो. पाणचक्कीच्या हौदाखालच्या दालनात उन्हाळ्यातही गार वाटते, पण ती चैन गाडीच्या नशिबी नाही.

कॉस्टिनने १९५४ च्या मार्क एटपासून लोटसना माशासारखी गुळगुळीत अंगे दिली. १९५७ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ७५० सीसीच्या लोटसने इंजिनाच्या आकाराच्या मानाने सर्वोत्तम कामगिरीचे पारितोषिक मिळवले. चॅपमनचा हिशेब एव्हाना पक्का झाला होता. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावरच जोरात पळते. वजन उतरवले तर ती वेगही लवकर धरते, वळणही घेते आणि थांबतेही लवकर. शिवाय हलक्या गाडीला इंजिन लहान पुरते, लहान इंजिनाला रेडिएटर लहान, लहान रेडिएटरला तोंड लहान, आणि तोंड लहान म्हणजे हवेचा अडथळा कमी. एक किलो काढला की तो पुढचे चार किलो हाताला धरून बाहेर नेतो.

१९६२ ची लोटस २५ हे या विचाराचे टोक. तोपर्यंत शर्यतीची गाडी म्हणजे नळ्यांचा पिंजरा आणि वर पत्रा. चॅपमनने पिंजराच काढून टाकला. आपला पंधरा किलो तेलाचा डबा आठवा. आत एकही खांब नसतो, पत्रा कागदासारखा, पण घडी आणि कडा यांच्या बळावर तो भार पेलतो. तसा दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा डबा, त्यात पेट्रोल, आणि मध्ये ड्रायव्हर जवळजवळ निजलेला. जिम क्लार्क हा स्कॉटलंडचा अबोल शेतकरी त्यात निजला आणि १९६३ साली जगज्जेता झाला. १९६५ मध्ये त्याने पुन्हा अजिंक्यपद आणि शिवाय अमेरिकेतली इंडियानापोलिसची शर्यतही जिंकली. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये तर मागची चासीच नव्हती. इंजिनच तिथला सांगाडा झाले, मागची चाके त्यालाच बांधली. जो खांब नुसता उभा आहे त्याला भार द्या, नाहीतर घरी पाठवा, असा हा सरळ व्यवहार.

पण इथपर्यंत सांगून थांबलो असतो, तर मी त्या मुलांना फसवले असते. ७ एप्रिल १९६८ रोजी होकेनहाइमला क्लार्क लोटसमध्येच गेला. चॅपमनचा तो जिवलग होता. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या त्याच्या दोन्ही ड्रायव्हरांच्या गाड्यांवरचे उंच पंख धावतानाच मोडले. दोघे वाचले. गाडी अतिशय नाजूक आहे, थोडे वजन वाढले तरी चालेल पण भाग मजबूत कर, असे रिंटने त्याला पत्र लिहून कळवले होते. १९७० साली लोटस ७२ आली. पाचरीसारखे टोकदार नाक, नाकातला रेडिएटर काढून दोन्ही कुशींत ठेवलेला, ब्रेकही चाकांतून काढून आत घेतलेले. आजच्या शर्यतीच्या गाडीचा रेडिएटर कुशीत का असतो, याचे उत्तर ही गाडी. आत घेतलेल्या त्या ब्रेकचा जोर चाकापर्यंत एक दांडा पोचवी. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझाच्या सरावात पुढच्या उजव्या चाकाचा तो दांडा तुटला आणि रिंट कठड्यावर आदळून मेला. कठडा नीट बसवलेला नव्हता म्हणून जीव गेला, असे चौकशीत निघाले. दांडा तुटला होता हेही निघाले. त्या वर्षीचे अजिंक्यपद रिंटला मरणोत्तर मिळाले. त्याचे गुण कुणालाच ओलांडता आले नाहीत.

चॅपमनला बेफिकीर म्हणणारे पुष्कळ आहेत. मी कारागीर आहे, मला त्याची बाजूही कळते. कोणता ग्रॅम फालतू आहे, हे भाग मोडेपर्यंत कुणालाच पुरते कळत नाही. परंतु मोडल्यावर किंमत कोण देणार, हे आधी ठाऊक असते. गाडीत तो बसत नव्हता. रिंटच्या पत्रानंतर तरी त्याने काही भाग वजनदार करायला हवे होते, असे माझे मत आहे.

बुद्धी मात्र शेवटपर्यंत तेज राहिली. जालना रोडवर मोठा ट्रक अगदी जवळून गेला की स्कूटर त्याच्याकडे ओढली जाते, कारण दोहोंमधल्या चिंचोळ्या जागेत हवा धावते आणि तिथला दाब उतरतो. हीच ओढ गाडी आणि रस्ता यांच्यात निर्माण करता आली, तर वजन न वाढवता गाडी रस्त्याला चिकटेल. महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाच्या पंखातल्या रेडिएटरच्या वाटांवरून त्याला हे सुचले, असे सांगतात. पीटर राइट आणि इतर सहकाऱ्यांनी वायुबोगद्यात प्रयोग केले, गाडीच्या कुशी उलट्या पंखाच्या आकाराच्या झाल्या आणि १९७८ साली मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला. संघांचे ते लोटसचे सातवे अजिंक्यपद.

अखेर नीट झाली नाही. अमेरिकन उद्योजक जॉन डेलोरियन याने ब्रिटिश सरकारच्या पैशावर उत्तर आयर्लंडमध्ये गाडीचा कारखाना काढला आणि गाडीचे तांत्रिक काम लोटसला दिले. त्यातले लक्षावधी पौंड वाटेतच नाहीसे झाले. १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन गेला. वय अवघे ५४. चाकांचे झटके यंत्रबुद्धीने सांभाळणारी त्याच्या संघाची नवी गाडी त्याच दिवशी प्रथम चाचणीला उतरली होती. कंपनीचा आर्थिक कारभार पाहणाऱ्या फ्रेड बुशेलला १९९२ साली बेलफास्टच्या न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. चॅपमन हयात असता तर त्याला किमान दहा वर्षे दिली असती, असे न्यायमूर्तींनी त्या वेळी नमूद केले.

चहा दोनदा झाला. मग आम्ही मुलांच्या गाडीचा एकेक सुटा भाग किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. लांबच लांब बोल्ट, बसण्याची जाड सीट, बॅटरीचा पोलादी पिंजरा, एवढ्यातच जवळपास सहा किलो निघाले. नाकाचे तोंड कापले नाही. रेडिएटरभोवती पातळ अॅल्युमिनियमची पेटी वाकवून दिली, फटींत फोम भरला, मागे हवेला दार केले. पेडलचा ब्रॅकेट होता तसाच परत दिला. मुलीला ते पटले नसावे. तिने तो हातात घेऊन दोनदा वजन केल्यासारखे पाहिले, आणि त्या दांड्याचा व्यास किती होता, असे मला विचारले.

हेझेल चॅपमन २०२१ च्या डिसेंबरात वारली. मुलगा क्लाइव्ह हेथेलला जुन्या शर्यतीच्या लोटस सांभाळतो, पळवतोही. पहिली मार्क वन मात्र त्यांच्यात नाही. ती १९५० साली विकली गेली आणि पुढे तिचा माग लागला नाही. २०१८ मध्ये, सत्तर वर्षे झाली म्हणून, कंपनीने ती शोधण्याचे जाहीर आवाहन केले. कुठल्या तरी गॅरेजात धूळ खात असेल. नंबर आहे ओएक्स ९२९२.