खापराविना मांडे भाजणारी मुक्ताई

आज अक्षय्य तृतीया, आपल्या खानदेशची आखाजी. घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरली जाईल, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसतील आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर मांडे भाजले जातील. ते खापर पाहिले की आम्हांस मुक्ताबाईंचे स्मरण होते. ज्ञानदेवांच्या पाठीवर त्यांनी मांडे भाजल्याची कथा आपण सर्वांनीच बालपणी ऐकली आहे. परंतु तो दिवस त्या घरी कसा उजाडला असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

परंपरेनुसार मुक्ताबाईंचा जन्म शके १२०१, म्हणजे इ. स. १२७९ मधला. पिता विठ्ठलपंत संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतले, म्हणून कुटुंब वाळीत पडले. प्रायश्चित्तासाठी मातापित्यांनी देहत्याग केला. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव आणि सोपानदेव या तिघा बंधूंचा संसार धाकट्या मुक्तेच्या इवल्या हातांत आला. आईने अंगण झाडले असते, तेथे आता ती सडा घालीत असेल. इंद्रायणीवर पाणी भरताना इतर बायका आपल्या घागरी दूर सारीत असतील. भावांनी माधुकरीत आणलेले कोरडेओले चौघांत वाटताना तिने स्वतःची वाटणी शेवटी ठेवली असेल.

अशा घरी एके दिवशी थोरल्या बंधूंना मांडे खाण्याची इच्छा झाली. मांड्यांचा खटाटोप खानदेशच्या गृहिणींना सांगावयास नको. गहू ओलवावेत, दळावेत, पीठ वस्त्रगाळ करून मळावे. एवढे करून मुक्ता खापर आणावयास निघाली. पण या मुलांना काही देऊ नये, अशी विसोबा चाटींनी कुंभारांना ताकीद दिली होती. ती रित्या हातांनी परतली. मळलेल्या पिठाकडे पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आले असेल. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त केला आणि बहिणीपुढे तापलेली पाठ वाकविली. तो प्रसंग पाहून विसोबांचा अहंकार गळाला व ते शरण आले. मुक्ताबाईंनी त्यांच्याविषयी मनात अढी ठेवली नाही.

पुढे ज्ञानदेव खिन्न होऊन दार लावून बसले, तेव्हा ताटीच्या अभंगांनी त्यांची समजूत घातली ती याच धाकट्या बहिणीने. योगसामर्थ्याचा अभिमान बाळगणारे चांगदेव तिचे शिष्य झाले. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव क्षेत्री त्यांचे मंदिर आजही उभे आहे. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर, इ. स. १२९७ च्या वैशाख वद्यात, तापीतीरी मेहूण येथे विजेच्या कडकडाटात मुक्ताबाई अंतर्धान पावल्या. वय अवघे अठरा वर्षांचे. त्यांना ना सासर लाभले, ना आखाजीला जावयाचे माहेर. खानदेशने मात्र त्यांना आपली लेक मानले. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले आणि कोथळीहून त्यांची पालखी दरवर्षी पंढरीची दूरची वाट चालते.

ज्ञानदेवांचा चमत्कार आपल्या हातून घडणे नाही. परंतु कुंभारवाड्यातून एक पोर रित्या हातांनी परतली, तो दोष त्या गावातील माणसांचाच होता, आणि तसा दोष आपल्या हातून घडू न देणे आपल्याला सहज शक्य आहे. आज खापरावरचा पहिला मांडा उतरेल, तेव्हा मुक्ताईचे नाव घेऊन तो नैवेद्यास ठेवावा. दुसरा, आपल्या आळीत ज्या घराशी कोणी बोलत नाही, त्या घरी पोचवावा. मुक्ताईला तो अधिक आवडेल, अशी आमची श्रद्धा आहे.