रॉकेटगाडीवरचा डॉक्टर

सिग्नलला थांबलेल्या मोटारीला मागून दुसरी मोटार धडकते. वेग फार नसतो, बंपर किंचित चेपतो, माणसे उतरून एकमेकांवर डाफरतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मान वळत नाही. धडकेच्या क्षणी आसनाची पाठ धडाला पुढे ढकलते, पण जडत्वामुळे डोके मागेच राहते आणि मधल्या मानेला चाबकाच्या वादीसारखा हिसका बसतो. इंग्रजीतला ‘व्हिपलॅश’ हा शब्द त्यावरूनच आला. या हिसक्यापासून आसन कितपत वाचवते, हे तपासण्यासाठी आज संपूर्ण मोटार फोडावी लागत नाही. रुळावरच्या घसरगाडीवर नुसते आसन बसवतात, त्यावर माणसाच्या आकाराचा पुतळा ठेवतात आणि गाडीला मागून झटका देतात. या घसरगाडीचा इतिहास जॉन पॉल स्टॅप या अमेरिकी लष्करी डॉक्टरशी जोडलेला आहे. पुतळ्याच्या जागी ते स्वतः बसत.

स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझीलमधील बाहिया येथे झाला. आईवडील बाप्टिस्ट मिशनरी होते. १९२८ मध्ये नात्यातले एक तान्हे मूल भाजून दगावले, ते त्यांच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला. मात्र घरची परिस्थिती बेताची असल्याने वैद्यकीय पदवी हाती यायला १९४४ साल उजाडले. तोवर जीवभौतिकीतली डॉक्टरेट पदरी पडली होती. त्याच वर्षी ते लष्कराच्या हवाई दलात दाखल झाले.

माणसाचे शरीर गुरुत्वाकर्षणाच्या १८ पटींहून अधिक धक्का सोसू शकत नाही, अशी त्या काळी समजूत होती. विमानांतली आसने आणि पट्टे याच हिशेबाने बनत. स्टॅप यांना हा आकडा खरा वाटेना. कॅलिफोर्नियातील म्युरॉक तळावर, म्हणजेच पुढच्या एडवर्ड्स तळावर, रॉकेटच्या जोरावर धावणारी आणि ब्रेकने एकदम थांबणारी गाडी उभारण्यात आली. आधी पुतळा बसवून चाचण्या झाल्या. डिसेंबर १९४७ मध्ये स्टॅप स्वतः बसले, तेही पाठ पुढच्या दिशेला करून. ऑगस्ट १९४८ पर्यंत त्यांनी ३५ पटींचा धक्का पचवला होता. थांबण्याचा सारा भार आसनाच्या रुंद पाठीवर पडला आणि डोक्यालाही मागून आधार असला, तर माणूस बराच मोठा आघात सोसू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. लष्कराच्या काही वाहतूक विमानांत पुढे उलट तोंडाची आसने आली. प्रवासी विमान कंपन्यांनी मात्र ती सहसा मनावर घेतली नाहीत. मागे तोंड करून बसणे प्रवाशांना रुचत नाही म्हणतात. पुराव्यापुढे ही सबब लंगडीच वाटते.

पुढे तोंड करून केलेल्या फेऱ्या अधिक क्लेशकारक होत्या. बरगड्यांना चिरा गेल्या, मनगट दोनदा मोडले, दातांतली सिमेंटे निखळली. अभियंता एडवर्ड मर्फी यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला, चुकण्याजोगे ते चुकतेच असे सांगणारा नियमही याच प्रकल्पातला. १९४९ मधील एका फेरीत मोजमापाची उपकरणे उलटी जोडली गेली होती. पुढे स्टॅप यांनी पत्रकारांपुढे तो नियम सांगितला आणि तो जगभर पसरला.

१० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर त्यांची अखेरची फेरी झाली. नऊ रॉकेटांनी गाडीला पाच सेकंदांत ताशी १,०१७ किलोमीटरवर नेले आणि सुमारे १.४ सेकंदांत ती थांबली. धक्का ४६ पटींचा होता. डोळ्यांत रक्तस्राव होऊन त्यांना काही काळ दिसेनासे झाले. दृष्टी परतली, तेव्हा सर्वांचाच जीव भांड्यात पडला. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर १९५५ मध्ये त्यांचे चित्र झळकले. इतरांना या धोक्यात घालण्यापूर्वी स्वतः बसायचे, हा त्यांचा दंडक. आजच्या नीतिसमित्यांना तो मंजूर झाला नसता.

त्यांचे खरे मोठेपण मात्र पुढच्या कामात आहे. हवाई दलाचे लोक विमान अपघातांपेक्षा मोटार अपघातांत अधिक संख्येने मरत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. मोटारींवर पैसा खर्च करणे हे हवाई दलाचे काम नव्हे, असे वरिष्ठांपैकी काहींचे मत होते. स्टॅप यांनी दलाचे हेच आकडे पुढे ठेवले. मे १९५५ मध्ये त्यांनी हॉलोमनला मोटार उत्पादक व संशोधकांना बोलावून पहिली परिषद घेतली. पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले आणि ती आजही भरते. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठात डेरिक सेव्हरी आणि सहकाऱ्यांनी मोटारींवर मागून धडका देऊन मानेचा हिसका मोजला. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली, तेव्हा स्टॅप तेथे हजर होते. त्या कायद्याखाली १ जानेवारी १९६९ पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींच्या पुढच्या आसनांना डोक्याचा टेकू सक्तीचा झाला.

टेकू आला तरी प्रश्न सुटला नाही. तो खाली सरकवलेला वा डोक्यापासून दूर असेल, तर त्याचा उपयोग थोडाच. १९९७ मध्ये साबने धडकेसरशी पुढे सरकणारा टेकू आणला, १९९८ मध्ये व्होल्वोने हिसका गिळत मागे झुकणारे आसन. अशा आसनांना घसरगाडीवर पारखून गुण देण्याची पद्धत नंतरच्या दशकात रुळली. ती पाहायला स्टॅप नव्हते. १३ नोव्हेंबर १९९९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, हॉलोमनजवळच्या अलामोगोर्डो गावी त्यांचे निधन झाले.