५०५० नंतर काय झालं?

१ ते १०० ची बेरीज चुटकीसरशी करणाऱ्या पोराची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकलीच असेल. १ आणि १०० मिळून १०१, २ आणि ९९ मिळूनही १०१. अशा ५० जोड्या, उत्तर ५०५०. तो पोरगा म्हणजे कार्ल फ्रीडरिश गाऊस. पण आपण ही गोष्ट नेहमी इथेच थांबवतो. पुढचं कुणी सांगत नाही.

गाऊसचा जन्म १७७७ चा, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचा. वडील कधी बागकाम, कधी गवंडीकाम करायचे. घरची परिस्थिती बेताचीच. सातव्या वर्षी तो शाळेत गेला. एका वर्गात शंभरेक मुलं आणि समोर छडीवाले ब्यूटनर मास्तर. आता विचार करा, अशा वर्गात ज्याचं गणित सगळ्यांच्या आधी सुटतं, त्याचं काय होतं? हाताची घडी, तोंडावर बोट! तुमच्यापैकी काहींनी हे भोगलंही असेल.

पण ब्यूटनर यांनी त्याला गप्प बसवलं नाही. त्याच्यासाठी थेट हॅम्बुर्गहून वरच्या पातळीचं गणिताचं पुस्तक मागवलं. त्याने तेही फस्त केलं. याला शिकवण्यासारखं आपल्याकडे आता काही उरलं नाही, हे मास्तरांनी चक्क मान्य केलं. शाळेत मार्टिन बार्टेल्स नावाचा मदतनीस होता, गाऊसपेक्षा फक्त आठ वर्षांनी मोठा. मग दोघं सोबत बसून बीजगणिताशी झटापट करू लागले. घरी संध्याकाळी सूत कातायचं काम असायचं. वडिलांची समजूत घातल्यावर त्यातूनही गाऊसची सुटका झाली, अभ्यासाला वेळ मिळाला.

१७८८ मध्ये तो पुढच्या शाळेत गेला. नंतर ब्राउनश्वाइगच्या ड्यूकने त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला. १८०१ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, अंकशास्त्रावरचा त्याचा मोठा ग्रंथ आला. आणि बार्टेल्स? तो रशियातल्या कझानला प्राध्यापक झाला. तिथे त्याच्या हाताखाली लोबाचेव्हस्की शिकला, ज्याने पुढे युक्लिडपेक्षा वेगळी भूमिती मांडली.

तुमच्यापैकी कितीतरी जण पॉकेटमनीसाठी लहान मुलांच्या शिकवण्या घेतात. त्यात एखादं पोर असतंच, पाच मिनिटांत वही पुढे करून चुळबुळ करणारं. त्याला तीच दहा गणितं पुन्हा घालू नका. पुढचं पुस्तक द्या. तुम्हालाही ते येत नसेल, तर बार्टेल्ससारखं त्याच्या शेजारी बसा.