पंडिता रमाबाई आणि न उमगलेले पुस्तक

पहाटेच्या अंधारात आई लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना संस्कृत शिकविले. १८७४ मध्ये दुष्काळाने आईवडील हिरावले. विद्या तेवढी उरली. १८७८ साली कलकत्त्यात पंडिता व सरस्वती म्हणून गौरविलेल्या या विदुषीच्या हाती संस्कृत बायबल आले, परंतु त्याची भाषा परकी वाटून ते उमगलेच नाही. (आम्हां भाषांतरकारांनी हे विसरू नये.) पुढे सिल्चरला घरच्या पुस्तकांत सापडलेले लूकचे बंगाली शुभवर्तमान मात्र त्यांनी आवडीने वाचले. वैधव्यानंतर, १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला.

केडगावी दुष्काळग्रस्त स्त्रियांना आसरा देता देता त्यांनी हिब्रू व ग्रीक अभ्यासून साध्या मराठीत बायबल उतरविले. खिळे जुळविण्याचे काम आश्रमातील स्त्रियांनीच केले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली, तरी लेखणी थांबली नाही. भाषांतर पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.