भाकरी घेऊन डोंगर चढणारी जिजाई

श्रीतुकोबारायांच्या कीर्तनात श्रोत्यांना हसवायचे तर आम्हां कीर्तनकारांच्या हाती एक सोपा उपाय असतो. जिजाईचा आवाज चढवून दाखवायचा. आम्हीही तो पुष्कळ वर्षे केला. महाराजांनी उसाची मोळी वाटेतच पोरांना वाटून टाकली, एकच ऊस घरी आला आणि तो तिने त्यांच्याच पाठीवर मोडला, असे सांगितले की मंडप दणाणलाच! एकदा आरती झाल्यावर एका म्हाताऱ्या माउलीने आम्हांला विचारले, की त्या दिवशी त्या घरात चूल पेटली होती का. आम्हांला उत्तर सुचले नाही. म्हणून आज हे चरित्र.

जिजाई, म्हणजेच आवली, ही पुण्याच्या आप्पाजी गुळवे सावकारांची कन्या. तुकोबारायांची प्रथम पत्नी रखुमाई दम्याने आजारी, म्हणून हे दुसरे लग्न झाले. खात्यापित्या घरची लेक देहूला मोऱ्यांच्या घरी आली आणि पुढे १६३० च्या सुमारास तो भयंकर दुष्काळ पडला. रखुमाई अन्नावाचून गेली, तिचा संतू गेला, दुकान बसले. महाराजांना वैराग्य झाले. आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली आणि डोंगर जवळ केला. आता शास्त्रात ज्याला योगक्षेम म्हणतात, म्हणजे नाही ते मिळवायचे आणि आहे ते राखायचे, तो भार त्या दिवसापासून कोणाच्या माथी आला? जिजाईच्याच की! तिने स्वतः खत लिहून देऊन दोनशे रुपये उभे केले, महाराजांना व्यापाराला धाडले. त्यांनी ते मुद्दल नफ्यासकट एका अडलेल्या माणसाला देऊन टाकले. यावर ती ओरडली, तर त्यात नवल ते काय?

पण ओरडून झाल्यावर ती काय करी, ते पाहावे. घरचे आवरायचे, भाकरी थापायच्या, फडक्यात बांधायच्या आणि भर उन्हात डोंगराची वाट धरायची. भंडारा देहूपासून दीडदोन कोस. महाराज कधी भंडाऱ्यावर, कधी भामचंद्रावर, सापडेपर्यंत शोधायचे. ते जेवल्यावाचून हिने जेवायचे नाही. आता भंडाऱ्यावर मोटार जाते, बरं का; पण आम्ही एकदा हट्टाने पायी चढलो, तेही रिकाम्या हाताने, तर अर्ध्या वाटेत बसावे लागले. ही बाई पोटात पोर असतानाही चढे. गोड शब्द तिला येत नव्हता म्हणतात. नसेल येत. तिची माया त्या फडक्यात बांधलेली असे.

अशीच जाता जाता एकदा पायात काटा मोडला. कळ मस्तकात गेली, ती मटकन खाली बसली. त्या वेळी विठोबा आला, तिचा पाय त्याने हातात घेतला आणि काटा काढला. ज्या काळ्याला ती उठताबसता शिव्या घाली, तोच हा! ही कथा आम्ही नेहमी देवाच्या थोरवीसाठी सांगत आलो. पण तो काटा त्याने काढला तो नवऱ्याची भाकरी घेऊन निघालेल्या पायातला, हे म्हणायचे राहूनच जाई.

काशी, भागीरथी, गंगा, महादेव, विठोबा, एवढी लेकरे तिने त्या ओढगस्तीत वाढविली. १६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराज वैकुंठास गेले, तेव्हा ती गरोदर होती. मागाहून झाला तो नारायण. त्याला बापाचे मुख दिसले नाही. जे काही कळले असेल ते आईच्या तोंडून. त्याच नारायणबाबांनी १६८५ मध्ये महाराजांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली.