रक्ताची आडवाट शोधणारा शल्यविशारद : जॉन हंटर

मांडीच्या आतल्या बाजूस, साधारणपणे मध्यावर, स्नायूंच्या भिंतींनी बनलेला एक अरुंद बोगदा असतो. त्याची लांबी सुमारे 15 सेंटीमीटर. एका बाजूस गुडघा सरळ करणारा स्नायू, दुसऱ्या बाजूस दोन्ही मांड्या जवळ आणणारे स्नायू, आणि वर छपरासारखा तिरका गेलेला तो पट्टीसारखा लांबट स्नायू, जो आपण मांडी घालून बसतो तेव्हा कामी येतो. या बोगद्यातून पायाची मुख्य रोहिणी, तिच्या सोबतीने नीला आणि पायाच्या आतल्या कडेला संवेदना पुरविणारा एक मज्जातंतू असे तिघे खाली उतरतात. बोगदा संपतो तेथे रोहिणी व नीला स्नायूतील एका खिंडीतून मागे वळतात आणि गुडघ्यामागच्या खोलगट जागेत येतात. शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकांत या बोगद्याला हंटर्स कॅनॉल असे नाव आहे. आपल्या शाळेतून वैद्यकाकडे वळलेल्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच वर्षी ते पाठ केले असेल. परंतु नावामागचा माणूस परीक्षेत विचारला जात नाही, म्हणून त्याची ही ओळख.

जॉन हंटर यांचा जन्म फेब्रुवारी 1728 मध्ये स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोजवळच्या लाँग काल्डरवूड येथे झाला. दहा भावंडांतील हे शेंडेफळ. पुस्तकांशी या मुलाचे कधी जमले नाही. तेराव्या वर्षाच्या सुमारास वडील वारले आणि शाळाही सुटली. रानोमाळ हिंडावे, पक्ष्यांची घरटी पाहावी, मुंग्यांच्या मागे जावे आणि मोठ्यांना ज्यांचे उत्तर देता येत नाही असे प्रश्न विचारीत राहावे, हा त्याचा दिनक्रम. शाळेच्या स्मरणिकेत शाळा सोडलेल्या मुलाचे चरित्र लिहिणे काहींना विचित्र वाटेल. पण तो शिक्षणापासून दूर गेला असे मात्र नव्हे, हे पुढे दिसेलच.

थोरले बंधू विल्यम यांनी लंडनमध्ये शरीररचना शिकविणारी शाळा काढली होती. 1748 साली विशीतला जॉन तेथे मदतनीस म्हणून दाखल झाला. बंधूंनी त्याची परीक्षा पाहण्यासाठी एक विलग केलेला हात दिला व त्यातील स्नायू सोडवून दाखवावयास सांगितले. ते काम इतके नेटके झाले की लगेच दुसरा हात देण्यात आला. या हाताच्या रोहिण्यांत रंगीत द्रव भरून तो घट्ट केलेला होता. आता स्नायूही सोडवायचे आणि रोहिणीची बारीकशी शाखाही तुटू द्यायची नाही. जॉनने तेही केले. पुढची सुमारे अकरा वर्षे तो त्या विच्छेदनगृहात राबत होता. प्रेते टिकत नसल्यामुळे हे काम थंडीच्या दिवसांतच चाले, दुर्गंधी आणि जंतुसंसर्गाचे भय कायमचेच. मध्यंतरी ऑक्सफर्डला पाठवून त्याला सभ्य विद्वान करण्याचा प्रयत्न झाला, तो दोन महिनेही टिकला नाही. चेल्सी येथे चेसेल्डन आणि सेंट बार्थोलोम्यू येथे पर्सिव्हल पॉट या नामांकित शल्यवैद्यांच्या हाताखाली मात्र तो मन लावून शिकला.

1760 नंतर काही काळ हंटर लष्करात शल्यवैद्य होते. फ्रान्सच्या किनाऱ्यालगतच्या बेल ईल बेटावर व नंतर पोर्तुगालमध्ये त्यांनी गोळ्यांच्या जखमा पाहिल्या आणि प्रत्येक जखम चाकूने मोठी करण्याची रूढी त्यांनी नाकारली. परतल्यावर दातांचा अभ्यास केला, त्यावर ग्रंथ लिहिला. तपशिलाने सांगावे असे यात पुष्कळ आहे. आपला विषय मात्र पाय हा आहे आणि पायाने हंटर यांना स्वतःलाच एकदा धडा दिला.

1767 मध्ये त्यांची पोटरीमागची जाड कंडरा तुटली. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली एकत्र येऊन टाचेच्या हाडाला धरतात ते या कंडरेच्या योगाने. आपल्याकडे तिला धोंडशीर असा रांगडा आणि अचूक शब्द आहे. शरीरातील सर्वांत बळकट कंडरा हीच. ती तुटली की चवड्यावर उभे राहता येत नाही. नाचताना ती तुटली असे म्हणतात. हंटर यांनी अंथरूण धरले नाही. टाच उंच ठेवून, पट्ट्या बांधून ते हिंडतफिरत राहिले आणि तुटलेली टोके जोडली कशी जातात या प्रश्नाने त्यांना पछाडले. त्यांनी कुत्र्यांच्या धोंडशिरा त्वचेखालून छेदल्या आणि निरनिराळ्या दिवशी ती जनावरे मारून, मध्ये नवे ऊतक कसे भरून येते ते पाहिले. मोडलेले हाड सांधते त्याच रीतीने कंडराही सांधते, हे यातून दिसून आले. आखडलेली कंडरा त्वचेखालून सोडवून मुलांची वाकडी पावले सरळ करण्याची शस्त्रक्रिया पुढच्या शतकात रूढ झाली, तिच्या मागे हे ज्ञान आहे. ती कुत्री मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. हंटर यांच्या चरित्रात असे थांबावे लागण्याचे प्रसंग आणखीही येतात.

आता गुडघ्यामागे येऊ. त्या खोलगट जागेत वरून खाली आधी मज्जातंतू, मग नीला आणि सर्वांत खोल, सांध्याला टेकून, रोहिणी अशी रचना असते. येथे रोहिणीची भिंत दुबळी होऊन तिला फुगा येतो. हाच अ‍ॅन्युरिझम. त्या काळी घोडागाडी हाकणाऱ्यांत आणि घोडेस्वारांत हा विकार विशेष आढळे. फुगा वाढत जातो, प्रत्येक ठोक्यासरशी उडतो, मज्जातंतूवर दाब येऊन पायात कळा येतात, नीला दाबली जाऊन पाय सुजतो आणि एक दिवस फुगा फुटला की माणूस थोड्या वेळात रक्तस्रावाने संपतो. उपाय दोन होते. एक म्हणजे फुगा उघडून त्याच्या वर व खाली रोहिणी बांधणे. पण तेथील भिंत रोगटच असल्याने दोरा ती कापून जाई आणि पुन्हा रक्त उसळे. दुसरा उपाय मांडीतून पाय कापून टाकणे. खुद्द पॉट यांच्यासारख्या गुरूंना हाच मार्ग बरा वाटे. गुंगीचे औषध यायला अजून सहा दशके अवकाश होता.

हंटर यांचा विचार वेगळा चालला होता. 1785 च्या उन्हाळ्यात त्यांनी रिचमंडच्या राजोद्यानातील एका हरणाच्या डोक्याकडे जाणारी एका बाजूची रोहिणी बांधली, अशी हकीकत सांगितली जाते. त्या दिवसांत हरणाची शिंगे वाढत असतात, त्यांवरची मखमली त्वचा रक्ताने उबदार असते. दोरा बांधताच त्या बाजूचे शिंग गार पडले. ते आता गळून पडणार असे कोणीही म्हटले असते. आठ-पंधरा दिवसांनी पाहतात तो शिंग पुन्हा उबदार! दोरा सुटला नव्हता. आजूबाजूच्या बारीक रोहिण्या रुंद झाल्या होत्या आणि हमरस्ता बंद झाल्यावर रक्ताने आडवाट धरली होती.

त्याच वर्षी सेंट जॉर्ज रुग्णालयात 45 वर्षांचा एक घोडागाडीवान आला. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यामागे लक्षात आलेली गाठ आता एवढी मोठी झाली होती की पाय सुजून काळपट पडला होता. पाय कापला असता तर गाडीवर चढणे संपले असते. 12 डिसेंबर 1785 रोजी हंटर यांनी फुग्याला हातच लावला नाही. त्यांनी मांडीच्या आतल्या बाजूस, त्या स्नायूंच्या बोगद्यात, चीर घेतली. तेथे रोहिणी निरोगी असते. शेजारच्या मज्जातंतूला न दुखावता त्यांनी ती मोकळी केली आणि चार दोरे बांधून तिचा प्रवाह अडविला.

या धाडसामागे अंदाजपंचे काही नव्हते. मांडीची मोठी रोहिणी जांघेखाली आल्यावर लवकरच एक खोल शाखा देते. ती शाखा मागच्या स्नायूंत उतरते आणि तिची टोके गुडघ्याभोवतीच्या रोहिण्यांच्या जाळ्याला मिळतात. म्हणजे मधला रस्ता बंद केला, तरी वरच्या शाखेतून आलेले रक्त जाळ्यातून वळसा घेऊन पोटरीपर्यंत पोहोचू शकते. फुग्यात मात्र आता पूर्वीचा जोर उरत नाही, त्यातले रक्त गोठते आणि शरीर हळूहळू ते शोषून घेते. रंगीत द्रव भरलेल्या रोहिण्यांचे धागे ज्याने वर्षानुवर्षे एकेक करून सोडविले, त्यालाच हे जाळे चाकू धरण्यापूर्वी मनात दिसू शकले. ज्या अकरा हिवाळ्यांना मी शिक्षण म्हटले ते हेच.

पाय गार पडला नाही. सुमारे सहा आठवड्यांनी तो गाडीवान घरी गेला आणि पुन्हा घोडे हाकू लागला. 1787 मध्ये तापाच्या आजाराने तो वारला, त्याचा या विकाराशी संबंध नव्हता. हंटर यांनी बराच खटाटोप व खर्च करून त्याचा तो पाय मिळविला आणि उघडून पाहिला. दोरा बांधल्या जागी रोहिणी बुजलेली होती, फुग्याची आक्रसलेली घट्ट गाठ राहिली होती. या पद्धतीने त्यांनी शस्त्रक्रिया केलेला चौथा रुग्ण तर पुढे 50 वर्षे जगला. मांडीतल्या त्या बोगद्याला हंटर यांचे नाव मिळाले ते या शस्त्रक्रियेमुळे.

शिक्षक म्हणून हंटर मुळीच फर्डे नव्हते. व्याख्यानापूर्वी मन स्थिर करण्यासाठी त्यांना अफूच्या अर्काचे थेंब घ्यावे लागत, आणि ते खाली मान घालून टिपणे वाचून दाखवीत. एकदा एकच श्रोता आला, तेव्हा त्यांनी सांगाडा आणवून त्याच्या शेजारी बसविला, म्हणजे सभेला बहुवचनी संबोधन करता येईल, अशी आख्यायिका आहे. तरीही त्यांच्या हाताखालून जे बाहेर पडले त्यांत देवीची लस शोधणारे एडवर्ड जेन्नर होते, अ‍ॅस्टली कूपर होते, अमेरिकेतील शल्यशास्त्राचा पाया घालणारे फिलिप फिझिक होते. तर्काने अडून बसण्यापेक्षा करून पाहावे, हा त्यांचा जेन्नर यांना नेहमीचा सल्ला असे. 16 ऑक्टोबर 1793 रोजी त्यांचा मृत्यू झाला, तोही विद्यार्थ्यांच्याच प्रश्नावर. पूर्वशिक्षणाचा दाखला नसलेल्या दोन तरुणांना प्रवेश मिळावा म्हणून ते रुग्णालयाच्या बैठकीत बोलत होते. वाद झाला, हृदयविकाराचा झटका आला आणि शेजारच्या खोलीत जाताच ते कोसळले.

ज्या देहांवर हे सारे ज्ञान उभे राहिले ते आले कोठून? फाशी दिलेल्या खुन्यांची प्रेते कायद्याने मिळत, ती पुरेशी नसत. उरलेली गरजूंच्या थडग्यांतून रात्री चोरून आणली जात आणि विच्छेदनगृहाच्या मागच्या दाराने विकली जात. हंटर हे त्या व्यापाराचे मोठे गिऱ्हाईक होते. आयर्लंडचा चार्ल्स बर्न हा सुमारे 7 फूट 7 इंच उंचीचा तरुण लंडनमध्ये स्वतःचे प्रदर्शन करून पोट भरीत असे. आपल्या देहावर हंटर यांचा डोळा आहे हे त्याला कळले होते. मृत्यूनंतर आपली शवपेटी समुद्रात खोल बुडवावी, अशी विनवणी त्याने मित्रांना केली होती. जून 1783 मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी तो वारला. हंटर यांनी लाच देऊन त्याचे प्रेत मिळविले व सांगाडा केला. 1786 साली जोशुआ रेनॉल्ड्स यांनी हंटर यांचे जे व्यक्तिचित्र रंगविले, त्यात वरच्या कोपऱ्यात या सांगाड्याच्या पायांची हाडे लोंबताना दिसतात. आज देहदान मनुष्याच्या स्वतःच्या संमतीने होते. बर्नची संमती नव्हती, उलट स्पष्ट नकार होता. काळ तसा होता, असे म्हणून ही गोष्ट मला पुसून टाकता येत नाही.

हंटर कर्ज ठेवून गेले. मिळकत सारी संग्रहालयात गेली होती आणि तेथे जवळजवळ 14,000 नमुने जमले होते. ते सांभाळावयास उरला विल्यम क्लिफ्ट हा अठरा वर्षांचा शिकाऊ मुलगा. आठवड्याच्या तुटपुंज्या वेतनावर त्याने सहा वर्षे एकट्याने बरण्यांची निगा राखली आणि हाती लागतील तेवढी गुरूंची हस्तलिखिते उतरवून काढली. हे त्याने केले ते बरेच झाले. मेहुणे एव्हरार्ड होम यांनी ती कागदपत्रे स्वतःकडे नेली, त्यांच्या आधारे आपल्या नावावर निबंध छापले आणि 1823 मध्ये मूळ कागद जाळून टाकले. हंटर यांचे त्यातले जे लेखन आज वाचावयास मिळते त्याचा मोठा भाग त्या मुलाच्या हस्ताक्षरातून आलेला आहे. 1799 साली सरकारने 15,000 पौंडांस संग्रह विकत घेतला व तो शल्यवैद्यांच्या संस्थेकडे सोपविला. 1941 च्या बाँबवर्षावात त्याचा फार मोठा भाग नष्ट झाला.

बर्नचा सांगाडा त्यातून वाचला आणि दोन शतकांहून अधिक काळ तो प्रेक्षकांसमोर उभा होता. 2023 मध्ये लंडनचे ते संग्रहालय नव्याने उघडले तेव्हा तो दालनातून काढून घेण्यात आला. संशोधनासाठी मात्र संस्थेने तो आपल्याकडेच ठेवला आहे, समुद्रात सोडलेला नाही.